माणूस-पक्षी शिल्प: गरुड, किन्नर की आणखी कोणी? ओळखायचं कसं?

दगडफूल: लेण्यांत किंवा देवळात माणसाचं धड आणि पक्ष्याचे पंख दिसले की सरसकट ‘गरुड’ म्हटलं जातं. पण सांचीच्या तोरणावर स्तूपाकडे हार घेऊन उडत येणारे जीव आणि विष्णूच्या देवळासमोर हात जोडून बसलेला गरुड एकच कसे असतील? नाक तुटलेल्या, झिजलेल्या मूर्तीचा निवाडा कशावरून करायचा? शिवाय अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, किन्नर हा अर्धा माणूस, अर्धा प्राणी असलेला जीव ‘तुरङ्गवदन’, म्हणजे घोड्याच्या तोंडाचा आहे. मग पक्ष्याच्या पायांचा किन्नर कुठून आला? भारताबाहेरचंही कोणाला माहीत असेल तर लिहा.

कीर्तिमुख: आधी चेहरा नको, कंबर बघा. पक्षी कुठून सुरू होतो, हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडच्या बहुतेक गरुडमूर्तींचं शरीर पायांपर्यंत माणसाचं असतं. पंख खांद्यामागून निघतात आणि नाक तेवढं चोचीसारखं असतं. किन्नर मात्र कमरेपर्यंतच माणूस. खाली नितंबांपासून पिसांचा घोळ, बारीक काटकुळे पाय आणि मागे पिसारा.

मग हात बघा. गरुडाचे हात एकतर जोडलेले असतात, नाहीतर विष्णूला पेलण्यात गुंतलेले. किन्नराच्या हातात हार, फुलं किंवा वाद्य असतं आणि तो बहुधा जोडीनं येतो. अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या मागच्या डोंगरात असा वाद्य वाजवणारा किन्नर रंगवलेला आहे. पद्मपाणीवर नजर खिळते आणि तो बिचारा राहून जातो, म्हणून मुद्दाम शोधा.

नाकावर कधीच विसंबू नका. पुढे आलेला भाग आधी तुटतो, त्यामुळे चोच नाही म्हणजे गरुड नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. पंख पाठीच्या दगडाला चिकटून कोरलेले असल्यानं जास्त टिकतात. दंडावरचा वळसा नुसतं कडं आहे की साप, हे टोकाशी फणा आहे का यावरून कळतं. साप असेल तर गरुडाची बाजू भक्कम होते.

टॉर्च समोरून मारू नका, सगळं सपाट दिसतं. भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूनं उजेड सोडा, म्हणजे पिसांच्या रेषांच्या सावल्या उठतात. चित्रांच्या लेण्यात फ्लॅश अजिबात नको. शेंदराची पुटं खरवडून बघण्याचा मोह तर पूर्ण टाळा, खालचा दगड सोलून निघतो.

पोथीवाला: अमरकोशाचं म्हणणं चूक नाही, ती एक वेगळी परंपरा आहे. ‘किं नरः?’, हा माणूसच का, असा संशय ज्याला बघून यावा तो किन्नर. शंका एकच, उत्तरं दोन. संस्कृत काव्यात घोडतोंडं रूप ठळक आहे. ‘कुमारसंभवा’च्या पहिल्याच सर्गात हिमालयातल्या ‘अश्वमुखी’ येतात. बौद्ध शिल्पात आणि पुढे आग्नेय आशियात पक्ष्याचं रूप रुजलं. म्हणून नोंद करताना नुसतं ‘किन्नर’ लिहू नका, ‘अश्वमुख’ की ‘पक्षिदेही’ तेही लिहा.

आणखी एक चूक फार होते. खाली गरुड दिसला की वरची मूर्ती विष्णूची ठरवून टाकतात. सप्तमातृका म्हणजे सात मातृदेवता, त्यांतल्या वैष्णवीचंही वाहन गरुडच. जैनांमध्ये पहिले तीर्थंकर आदिनाथ यांची यक्षी (सेवक देवता) चक्रेश्वरी गरुडावर बसते, तिच्या हातांत चक्रंही असतात. मुकुटाजवळ किंवा वरच्या चौकटीत छोटी जिनप्रतिमा (तीर्थंकराची मूर्ती) आहे का, हे बघितल्याशिवाय नाव देऊ नका.

मेकाँगकाठ: कीर्तिमुखांचा कंबरेचा नियम भारताबाहेर नेऊ नका, तिथे फसाल. कंबोडियात अंगकोरच्या प्रेआ खान मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर हात वर करून नागांना धरलेले प्रचंड गरुड आहेत. त्यांना चोचही आहे आणि पायही पक्ष्याचे. नुसत्या पायांवरून त्यांना किन्नर म्हणाल. तिथे नाग आणि चोच निर्णायक. थायलंडच्या राजचिन्हातला ‘क्रुत’ असाच मिश्रदेही गरुड आहे. उलट इंडोनेशियाच्या राजचिन्हातला गरुड पूर्ण पक्षी. त्याच्या प्रत्येक पंखात १७, शेपटीत ८ आणि मानेवर ४५ पिसं आहेत, म्हणजे १७ ऑगस्ट १९४५, त्यांच्या स्वातंत्र्यघोषणेचा दिवस. जावातला किन्नर बघायचा तर पावोन या बौद्ध मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर, कल्पवृक्षाच्या दोन्ही बाजूंना.

ओडिसी_१२: ग्रीकांकडेही नावांचा असाच घोळ आहे. सायरन आणि हार्पी दोघी पक्षिदेही स्त्रिया. सायरन गाण्यानं ओढून नेते, हार्पी झडप घालून हिसकावते. आज सायरन म्हटलं की माशाची शेपटी आठवते, पण ते मध्ययुगातलं रूप. ‘ओडिसी’ महाकाव्याचा कवी होमर तिचं शरीर कसं आहे ते सांगतच नाही. पक्षिरूप कळतं ते मडक्यांवरच्या चित्रांवरून. इटलीत व्हुल्चीला सापडलेल्या, सुमारे इ.स.पू. ४८० ते ४७० मधल्या मडक्यावर ‘ओडिसी’चा नायक ओडिसियस जहाजाच्या डोलकाठीला बांधलेला आहे आणि एक सायरन डोकं खाली करून कोसळते आहे. जुन्या ग्रीक कलेत दाढीवाले सायरनही आहेत, म्हणजे ‘सायरन ही बाईच’ हेही पक्कं नाही.

सगळ्यात बोलकी चूक लिकियातल्या (आजचं तुर्कस्तान) झँथॉसच्या ‘हार्पी टूम’ची, म्हणजे हार्पींच्या थडग्याची. तिथल्या पंखवाल्या स्त्रियांनी छोट्या माणसांना उचललेलं आहे, म्हणून त्या हार्पी ठरल्या. पण पकड बघा: नखं रुतवलेली नाहीत, लेकराला छातीशी धरावं तसं धरलंय. त्यामुळे आता त्यांना मृतांचे जीव नेणाऱ्या सायरन मानण्याकडे कल आहे. नाव मात्र जुनंच चिकटलंय.

दगडफूल: पकड बघायची, हे डोक्यातच नव्हतं. ताम्रपटांच्या मुद्रांवरच्या गरुडालाही हेच निकष लावायचे का?

पोथीवाला: हो, फक्त तिथे जागा इतकी लहान की पंख आणि नाक एवढ्यावरच भागवावं लागतं. कोकणच्या शिलाहार राजघराण्यापासून सुरुवात करा. त्यांचं बिरुद ‘सुवर्णगरुडध्वज’. आणि ते स्वतःला जीमूतवाहनाचे वंशज म्हणवत, ज्यानं नागाचा जीव वाचवायला शिळेवर झोपून स्वतःचं शरीर गरुडाला खायला दिलं. शिळेवरचा आहार, म्हणून शिलाहार, अशी त्यांच्या नावाची फोड सांगतात. ज्यानं पूर्वजाचे लचके तोडले, तोच त्यांच्या ध्वजावर.