मदत हवी आहे: ताईच्या जिभेवर पांढरा चट्टा, एकाच बायोप्सीचे दोन वेगळे रिपोर्ट, बायोमार्कर टेस्ट करावी का?

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण डोक्याचा पार भुगा झालाय म्हणून सगळंच सांगते.

ताईच्या (वय ५२, तंबाखू-सिगरेट कधीच नाही) जिभेच्या डाव्या कडेला पांढरा चट्टा आहे, करंगळीच्या नखाएवढा. ब्रशने घासून निघेना, पण दुखतही नव्हता, म्हणून तीन-चार महिने तिने कुणाला सांगितलंच नाही. मग चरचरायला लागलं तेव्हा डेंटिस्टकडे गेलो, त्यांनी आधी टोचणारा दात घासून गुळगुळीत केला, दोन आठवडे थांबायला सांगितलं, चट्टा तस्साच, म्हणून बायोप्सी. ल्युकोप्लाकिया (घासून न निघणारा पांढरा चट्टा), माइल्ड डिसप्लेसिया (पेशींमध्ये कॅन्सरकडे झुकणारे बदल, पण सौम्य) असा रिपोर्ट आला. सेकंड ओपिनियनला तीच स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टना दाखवली तर ते म्हणाले मॉडरेट! आता आम्ही कुठला शब्द धरून बसायचं?

तेव्हापासून रात्र-रात्र वाचतेय. डिसप्लेसियाच्या ग्रेडवर अनुभवी लोकांचंही एकमत होत नाही हे कळलं, आणि म्हणूनच पेशीच्या डीएनएत काय बिघडलंय ते बघायचे प्रयत्न चाललेत (अशा खुणांनाच बायोमार्कर म्हणतात). त्यात एलओएच (लॉस ऑफ हेटेरोझायगोसिटी) बद्दल बरंच सापडलं. प्रत्येक क्रोमोसोमच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, आईची एक वडिलांची एक, त्यातल्या एकीचा तुकडा त्या पेशींमधून गायब झालाय का ते बघतात, मुख्यतः ३पी, ९पी, १७पी या जागी (आकडा क्रोमोसोमचा नंबर, पी म्हणजे त्याची आखूड बाजू). ९पी वर पी१६ चा जीन आणि १७पी वर पी५३ चा, म्हणजे पेशींची वाढ आवरणारे ब्रेकच. २०१२ मध्ये आलेल्या कॅनडातल्या अभ्यासात माइल्ड-मॉडरेटवाल्या पेशंटचे यावरून कमी, मध्यम आणि जास्त रिस्क असे तीन गट पाडले होते, आणि पाच वर्षांत सिव्हिअर डिसप्लेसिया किंवा कॅन्सरपर्यंत गेलेले ३.१, १६.३ आणि ६३.१ टक्के. हा ६३ आकडा वाचला आणि झोपच उडाली. पण २०१६ च्या एका ट्रायलमध्ये एलओएच असलेल्यांना एर्लोटिनिब ही कॅन्सरवरची गोळी देऊनही कॅन्सर कमी झाले नाहीत असंही वाचलं. मग रिस्क कळून करायचं काय?

कुणाच्या घरच्यांनी ही टेस्ट केली आहे का? परत तुकडा काढावा लागतो का? आणि लाळेची टेस्ट यात चालते का? ताई पुन्हा टाके नको म्हणतेय, तिला काय सांगू?

प्रतिसाद १:
मी ओरल पॅथॉलॉजीत काम करते. एलओएचसाठी परत कापायची गरज नसते, पहिल्या बायोप्सीचा पॅराफिन ब्लॉक (मेणात जतन केलेला तुकडा) चालतो, तो लॅबकडून मागून जपून ठेवा. पण यातला एकही मार्कर अजून रोजच्या प्रॅक्टिसमध्ये रूढ नाही आणि कमी रिस्क आली म्हणून फॉलोअप सोडायचा असं तर अजिबात नाही. लाळेतले मार्कर संशोधनातच आहेत, त्यावर निर्णय नको.

तुमच्या ताईंच्या बाबतीत जिभेची कड आणि तंबाखू नसताना झालेला चट्टा, या दोन्ही गोष्टी रिस्क वाढवणाऱ्याच आहेत. त्यामुळे मी मॉडरेट धरूनच चालले असते, आणि चट्टा पूर्ण काढण्याबद्दल सर्जनशी बोलले असते. काढला तरी तपासणी चालूच, कारण आजूबाजूच्या वरून चांगल्या दिसणाऱ्या अस्तरातही बदल झालेले असू शकतात. एक विचारते, चट्टा सगळीकडे सारखा पांढरा आहे की कुठे लाल, दाणेदार भाग आहे? आणि तुकडा नेमका कुठून घेतला होता? बायोप्सी लाल भागातून घेतलेली नसेल तर मार्कर काय आणि ग्रेड काय, दोन्ही चुकीच्या जागेचं उत्तर देतील.

धागाकर्ती:
मॅडम, खूप खूप आभार. आत्ताच मोबाईलचा टॉर्च लावून, ताईची जीभ रुमालाने धरून बघितलं. पुढचा भाग पांढराच आहे, पण मागे, दाढेजवळ, तांदळाच्या दाण्याएवढा लाल खरबरीत ठिपका आहे, आधी आमच्या लक्षातच आला नव्हता. बायोप्सीचा टाका पुढे होता. फोटो काढून ठेवलाय, सकाळी दवाखाना उघडल्या उघडल्या फोन करते आणि ब्लॉकचंही विचारते.