काँतालमध्ये राहायचं कुठे: दरीतल्या गावात की शहरात?

डोंगरओढ (धागाकर्ता)

उन्हाळा जवळ आला की भारतातून आणि पॅरिसहून येणारे मराठी मित्र मला तोच बेत ऐकवतात: मध्य फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ शहरात हॉटेल घ्यायचं, एक दिवस प्वी द दोम हा जवळचा ज्वालामुखी, एक दिवस काँताल. मी क्लेरमाँतच राहतो, शहर मला आवडतं, तरी या बेताला माझा ठाम विरोध आहे. पटलं नाही तर जरूर भांडा.

काँताल हा ओव्हेर्न प्रदेशाच्या दक्षिणेकडचा जिल्हा. तिथला डोंगर म्हणजे एका प्रचंड विझलेल्या ज्वालामुखीचा उरलेला सांगाडा. मध्यावर प्वी मारी (१७८३ मीटर), थोडं पूर्वेला सगळ्यात उंच प्लों द्यु काँताल (१८५५ मीटर). हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्या या मध्यापासून चहूकडे फाकतात, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. मुक्कामाचा सगळा प्रश्न इथेच आहे. शेजारच्या दोन दऱ्या नकाशावर बोटभर अंतरावर दिसतात, पण एकीतून दुसरीत जायचं तर एक तर खिंड चढायची, नाहीतर पायथ्याने लांब वळसा घ्यायचा. मुख्य खिंड पा द पेरोल, १५८९ मीटर. बर्फ पडला की ती बंद होते आणि वसंत ऋतू बराच सरेपर्यंत उघडत नाही. तेव्हा पश्चिमेच्या सालेर गावाहून पूर्वेच्या म्युरा गावाला जायला ऑरियाक शहर आणि ल लियोराँचा बोगदा असा फेरा पडतो, अंतर साधारण दुप्पट.

क्लेरमाँहून प्वी मारीच्या पायथ्याशी पोचायला दोन तास, परतायला दोन. म्हणजे तुम्ही तिथे नेमके भर दुपारी, गाड्या लावायला जागा नसताना, आणि बऱ्याचदा ढग दाटायला लागल्यावर. सकाळी आठला खिंडीत असाल तर तासाभराच्या आत माथ्यावर जाता आणि सगळ्या दऱ्या धुक्यातून एकेक करून उघडताना बघता. त्यासाठी मुक्काम दियेन किंवा माँदायसारख्या डोंगराच्या कुशीतल्या गावात हवा. संध्याकाळचंही तेच. सालेर जातीच्या गाईचं दूध काढताना आधी वासराला लुचू द्यावं लागतं आणि मग ते आईच्या पायाशी बांधून ठेवतात, त्याशिवाय ती पान्हाच सोडत नाही. हे बघायला दूध काढायच्या वेळी त्या गावात असावं लागतं, परतीच्या महामार्गावर नाही.

म्हणून माझं मत: जीत घ्या. जीत म्हणजे गावातलं स्वयंपाकघरासकट घर, आठवड्याच्या भाड्याने. एकच गाव, पूर्ण आठवडा.

गोदाकाठ

सहमत नाही. तुम्ही धडधाकट माणसांचा विचार करून लिहिलंय. आमच्याबरोबर सत्तरीपुढचे आई-बाबा असतात. जुन्या दगडी घरातला तो जिना डोळ्यांसमोर आणा. रात्री बाबांच्या छातीत दुखलं तर दरीच्या टोकावरून इस्पितळ किती लांब? इस्पितळं ऑरियाकला आणि सॅं-फ्लूरला. मी ऑरियाकमध्येच राहीन. शहर लहान आहे, बुधवार-शनिवार बाजार भरतो, हॉटेलला लिफ्ट आहे, आणि माँदायची दरी तिथूनच सुरू होते. आपण दिवसा डोंगरात आणि रात्री शहरात असलो तर बिघडलं काय?

शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक जीत शनिवार ते शनिवारच मिळतात. भारतातून दहा-बारा दिवसांसाठी येणाऱ्याने त्यातला अख्खा आठवडा एका दरीत घालवायचा, हे सांगणं सोपं आहे.

डोंगरओढ

ताई, आई-बाबांचा मुद्दा मान्य, आणि ऑरियाक क्लेरमाँपेक्षा शंभर पटीने बरं. पण ऑगस्टच्या उत्तरार्धात तिथे रस्त्यावरच्या नाटकांचा मोठा महोत्सव असतो, १९८६ पासून. त्या दिवसांत खोली मिळणं मुश्कील आणि वडीलधाऱ्यांना झोप लागणं त्याहून मुश्कील. तारखा बघूनच ठरवा. आणि तळमजल्यावरच्या खोलीची जीत मागून घेता येते. मालक नीट उत्तर देतात, फोनवर तर अधिकच.

आठवड्याबद्दल मात्र मी हटणार नाही. डोंगरात पाऊस लागला की दोन-दोन दिवस माथा दिसत नाही. दोन रात्रींचा मुक्काम म्हणजे निव्वळ नशिबावर हवाला. आठवडा असेल तर ढग हटायची वाट बघता येते.

रुळांवरून

दोघेही गाडी आहे असं गृहीत धरताय. स्टिअरिंग डावीकडे, गाडी चालवायची रस्त्याच्या उजव्या बाजूने, रस्ता अरुंद आणि वळणं आंधळी. पहिल्यांदाच येणाऱ्याने भाड्याची गाडी घेऊन पा द पेरोल चढावा हा सल्ला मला पटत नाही.

क्लेरमाँ-ऑरियाक रेल्वेमार्ग थेट या ज्वालामुखीच्या पोटातून जातो. म्युरा, ल लियोराँ, विक-स्युर-सेर, सगळ्या ठिकाणी स्टेशन आहे. गाड्या दिवसातून मोजक्याच, पण वेळापत्रक बघून आखलं तर निभतं. ल लियोराँला उतरा, केबल कारने प्लों द्यु काँतालच्या माथ्याजवळ जा, पायी खाली या. म्युरामध्ये बेकरी, औषधाचं दुकान, चीजवाले असं सगळं चालण्याच्या अंतरावर. दियेनमध्ये बिनगाडीचा माणूस करणार काय? डोंगरओढ यांची आवडती गावं सुंदर आहेत, पण तिथे गाडीशिवाय पाय बांधल्यासारखे होतात.

पायपीट

मला मुळात 'एकच मुक्काम' हेच अमान्य. या डोंगराला गोल फेरी मारणारी पायवाट आहे, जीआर ४००. दऱ्या आऱ्यांसारख्या आहेत ना? मग एका आऱ्यातून दुसऱ्यात खिंडीवरून चालत जाणं हीच तो डोंगर समजून घ्यायची रीत. वाटेत जीत द'एताप असतात: सामाईक खोलीत पलंग, रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरून दर. एकाच लांब टेबलावर सगळे वाटसरू जेवतात. हरिश्चंद्रगडावर किंवा रतनगडाच्या पायथ्याला गावात राहिलेल्या मराठी ट्रेकरला हे नवीन नाही.

आणि एक गोष्ट बोचते म्हणून लिहितो. काँतालची वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात अडीच लाखांच्या घरात होती, आज दीड लाखही नाही. आठवडाभर जीत घेणारी कुटुंबं बहुधा मोठ्या गावातल्या सुपरमार्केटमधून गाडीची डिकी भरून आणतात. गावातल्या दुकानाला, खानावळीला त्यातलं काय मिळतं? वाटसरू मात्र रोज तिथेच जेवतो.

डोंगरओढ

सुपरमार्केटची टीका बरोबर आहे, पण ती जीतवर कशाला? ती पाहुण्याच्या सवयीवर आहे. जीत द फ्राँस ही संघटना १९५५ मध्ये उभी राहिली तीच शेतकरी कुटुंबाला जोडउत्पन्न मिळावं आणि ओस पडणारी घरं टिकावीत म्हणून. भाडं मालकाच्या हातात जातं आणि तो बहुधा त्याच वाडीत राहतो. चीज शेतावरून घ्या, भाजी बाजारातून. सालेर चीज १५ एप्रिल ते १५ नोव्हेंबर एवढ्याच काळात बनतं, गाई कुरणावर चरत असताना, दूध लाकडी पिंपात घेऊन. जिथे बनतं तिथेच विकत घेणारा पाहुणा गावाला हवाच असतो.

ताकभात

शाकाहाऱ्यांची बाजू कुणीच मांडली नाही. पायपीट, तुमच्या त्या लांब टेबलावर माझ्यासाठी काय असतं? त्रुफाद म्हणजे बटाटा आणि ताजं चीज, ऐकायला छान, पण बऱ्याचदा सोबत हॅम येतं आणि बटाटे डुकराच्या चरबीत परतलेले असू शकतात. इथल्या पारंपरिक चीजसाठी दूध वासराच्या जठरातल्या रेनेट या पाचकद्रव्याने गोठवतात. कडक शाकाहाऱ्याने हे जाणूनच ठरवावं. त्यात खानावळी रविवारी रात्री आणि सोमवारी बऱ्याचदा बंद, दुपारी दोननंतर स्वयंपाकघर बंद. आमच्यासारख्यांना स्वतःची चूल लागतेच. म्हणून मी डोंगरओढ यांच्या बाजूने. जीतमध्ये कुकर नसतो, तो बरोबर न्या.

गोदाकाठ

शाँब्र दोत का नाही? कुणाच्या तरी राहत्या घरात खोली, न्याहारी आणि चादरी-टॉवेल दरातच. कायद्याने जास्तीत जास्त पाच खोल्या, त्यामुळे हॉटेलसारखी गर्दी नाही. शनिवारचं बंधन नाही, घरात माणूस असतो, आई-बाबांना काही झालं तर हाक मारता येते. जेवणही आधी सांगितलं तर बरेच जण देतात आणि शाकाहारी आहोत असं कळवलं तर तसं करतात. जीतमध्ये चादरी आणि शेवटची साफसफाई बऱ्याचदा वेगळी मोजावी लागते, हे वरच्या हिशेबात कुणी धरलेलं नाही.

रुळांवरून

मग विक-स्युर-सेर बघा. रेल्वे आहे, ऑरियाकचं इस्पितळ त्याच मार्गावर खाली, ल लियोराँ वर. आई-बाबा गावात थांबले तरी त्यांना फिरायला सपाट रस्ते आहेत.

डोंगरओढ

विक चांगलं आहे, तुमच्या कुटुंबासाठी मीही तेच सुचवेन. पण सेरची दरी ही काँतालमधली सगळ्यात वर्दळीची दरी. मुख्य रस्ता तिथूनच जातो आणि मालवाहू ट्रकही. ज्याच्याकडे गाडी आहे, गुडघे शाबूत आहेत आणि आठवडा आहे, त्याला मी अजूनही दियेनलाच पाठवीन.

भारतातून येणाऱ्यांसाठी: व्हिसाच्या अर्जाला राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो, त्यामुळे पायपीट म्हणतात तसा रोजचा मुक्काम बदलणार असाल तर प्रत्येक रात्रीचं आरक्षण अर्जाआधी हातात हवं. जीतच्या मालकाशी झालेला करार नावं आणि तारखांसकट मागून घ्या. जुलै-ऑगस्टच्या घरांसाठी हिवाळ्यातच लिहायला सुरुवात करा, कारण फ्रेंच कुटुंबं वर्षानुवर्षं त्याच घरी परत येतात आणि निघतानाच पुढच्या वर्षीचा आठवडा सांगून ठेवतात.