टेसरॅक्ट: मराठीची फाइल आणि सुधारणेची मागणी

टेसरॅक्ट म्हणजे चित्रातला किंवा स्कॅनमधला मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर. त्याच्याबद्दल चर्चेत दोन मुद्दे आलेत: बसवण्याच्या सूचनांप्रमाणे ते बसवूनही मराठी चालत नाही, आणि ‘मराठी सुधारा’ अशी मागणी गिटहबवर, म्हणजे त्याचा कोड जिथे ठेवलाय त्या संकेतस्थळावर, टाकावी.

पहिल्याचं कारण साधं आहे. उबुंटूवर (लिनक्सची एक प्रणाली) मूळ पॅकेजसोबत इंग्रजीच येते, मराठीचं पॅकेज वेगळं बसवावं लागतं. मग भाषांची यादी मागवून ‘एमएआर’ (mar, मराठीचा संकेत) दिसतं का ते बघा. मराठीच्या मॉडेलची (भाषा ओळखायला लागणाऱ्या माहितीची) फाइल हाताने उतरवली असेल तर आधी तिचा आकार तपासा. गिटहबच्या पानावरून दुवा थेट ‘सेव्ह’ केला की बरेचदा मॉडेलऐवजी एचटीएमएल पानच उतरतं, आणि टेसरॅक्ट भाषा लोड होत नाही म्हणून थांबतं. दुसरी अडचण टेसडेटा-प्रीफिक्सची (TESSDATA_PREFIX), म्हणजे भाषांच्या फाइलींचं ‘टेसडेटा’ फोल्डर कुठे आहे ते टेसरॅक्टला सांगणाऱ्या सेटिंगची. आवृत्ती ३ मध्ये तिथे टेसडेटाच्या वरच्या फोल्डरचा पत्ता लागे, ४ पासून खुद्द टेसडेटाचा. जुन्या ब्लॉगांवरच्या सूचना इथेच फसवतात, म्हणून ही ओळ बसवण्याच्या सूचनांमध्ये ठळक हवीच.

अचूकता कमी वाटली तर मागणी टाकण्याआधी ‘फास्ट’ (वेगवान) मॉडेलऐवजी ‘बेस्ट’ (जास्त अचूक) मॉडेल वापरून पाहा. वेळ जास्त लागतो, पण जोडाक्षरांत फरक पडू शकतो. स्कॅन ३०० डीपीआयचं (दर इंचाला ३०० ठिपके) असावं.

तरीही चूक राहिली तर गिटहबवर आधीच्या, बंद झालेल्याही तक्रारींच्या नोंदी शोधा. नुसतं ‘मराठी सुधारा’ लिहिलं तर कुणालाच त्यावर काम करता येत नाही. एका नोंदीत एकच चूक, मूळ चित्र, अपेक्षित मजकूर, मिळालेला मजकूर, आवृत्ती आणि कोणतं मॉडेल, एवढं द्या.