एका खोलीतला संसार

जुन्या काळी एका खोलीत अख्ख्या कुटुंबाचं कसं भागायचं, असा प्रश्न पडतो. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या केड्स कोव्ह खोऱ्यातलं जॉन ऑलिव्हरचं जपलेलं घर बघा. तो आणि बायको लुरेनी १८१८ मध्ये तिथे आले. पहिल्या हिवाळ्यात तिथल्या मूळ रहिवासी चेरोकी लोकांनी दिलेल्या सुक्या भोपळ्याने जीव वाचवला, असं सांगतात. हे घर त्यानंतरचं, १८२०च्या दशकातलं. कोपऱ्यांना खाचा पाडून ओंडके एकमेकांत बसवलेत. खिळा नाही, सगळं आपल्याच वजनावर उभं! फटी मातीने लिंपलेल्या, खिडक्या इवल्याशा, म्हणजे ऊब आत राहते. स्वयंपाक आणि शेक एकाच चुलाण्यावर. अशा घरांत मुलं सहसा पोटमाळ्यावर झोपायची. मला खरं कौतुक लुरेनीचं वाटतं. तिथे नॅशनल पार्क होईपर्यंत, शंभरावर वर्षं, घर त्याच कुटुंबाकडे होतं.