चकालोववरचा सिनेमा : शौर्यगाथा की धूळफेक?

टवाळ: सोव्हिएत वैमानिक वलेरी चकालोववरचा, दिग्दर्शक मिखाईल कलातोझॉवचा 'वलेरी चकालोव' (१९४१) पुन्हा पाहिला. लेनिनग्राडच्या पुलाखालून विमान काढतात तो प्रसंग कसली करामत नाही, एका वैमानिकाने चित्रीकरणासाठी ते खरंच काढलं होतं. दाद द्यायलाच हवी. पण खरा चकालोव जून १९३७ मध्ये मॉस्कोहून उत्तर ध्रुवावरून अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हरला उतरला तो एएनटी-२५ मधून. ज्या विमानरचनाकार तुपोलेवच्या हाताखाली ते विमान घडलं, त्याला त्याच ऑक्टोबरात अटक झाली! सिनेमातला स्टॅलिन मात्र अगदी घरातला वडीलधारा. ही सरळ धूळफेक आहे.

अनुराधा_क: अहो, १९४१ मध्ये कैदेतल्या माणसाचं कौतुक पडद्यावर करून दाखवायचं कुणी? कलातोझॉवच्या 'बुटातला खिळा' या सिनेमावर आधीच बंदी आलेली. चटका बसलेला माणूस जपूनच पावलं टाकणार. त्यातूनही त्याने बेडर, शिस्तीला न जुमानणारा नायक उभा केला, हे कमी आहे का?

टवाळ: बेडर, पण शेवटी कुणाच्या पंखाखाली? सिनेमा आला मार्च १९४१ मध्ये. २२ जूनला जर्मनीने हल्ला केला आणि सोव्हिएत इतिहासकारांच्याच आकड्यानुसार पहिल्या दिवशी सोव्हिएत हवाई दलाची १२०० च्या आसपास विमानं गेली, बरीचशी जमिनीवरच. स्पेनच्या यादवी युद्धात आकाशात लढलेल्या स्मुश्केविच आणि रिचागोव या हवाई दलप्रमुखांना त्याच वर्षी ऑक्टोबरात गोळ्या घातल्या. असे वैमानिक पडद्यावर कधी आले?

जुनाखेळ: विमानं जळली ती दिग्दर्शकामुळे नव्हे हो. आणि सगळे सिनेमे एका मापाने मोजू नका. 'इस्त्रेबितेली' (१९३९) म्हणजे लढाऊ वैमानिकांचीच गोष्ट, पण त्यात शत्रू जवळजवळ नाहीच. एका मुलाला वाचवताना नायकाची दृष्टी जाते, मैत्री आणि प्रेम यांतच सिनेमा रमतो. नट-गायक मार्क बर्नेसचं त्यातलं 'लाडकं शहर' पुढे युद्धात लोकांच्या ओठांवर होतं. प्रचाराचं गाणं इतकं टिकत नाही.

टवाळ: गाणं गोड आहे, मान्य. मुद्दा तोच राहिला.

अनुराधा_क: मग १९४५ चा 'नेबेस्नी तिखोखोद' (आकाशातलं संथ वाहन) हा विनोदी सिनेमा बघा. जखमी लढाऊ वैमानिकाला संथ, लाकडी-कापडी पो-२ विमानावर पाठवतात, वर शेजारी बायकांचं पथक. त्याचा तोरा उतरतो आणि प्रेक्षक हसतात. त्या वर्षी स्टॅलिनच्या देशात वीरावर हसायची सोय होती, एवढं तरी लिहा.