शाळेच्या बाकांची निविदा तांत्रिक लिफाफ्यातच बाद झाली

प्रश्न (कुपवाड, सांगली): आमचा लोखंडी बाके बनवण्याचा लहान कारखाना आहे. महाटेंडर या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर भरलेली आमची निविदा तांत्रिक लिफाफ्यातच (पात्रतेच्या कागदपत्रांच्या टप्प्यात) बाद ठरली, त्यामुळे दराचा लिफाफा उघडलाच गेला नाही. पुढच्या वेळी काय सांभाळावे?

उत्तर (मिरज): बाद होण्याचे कारण आधी नीट वाचावे. बहुधा सनदी लेखापालाचा उलाढालीचा दाखला, पूर्वीच्या कामाचा पूर्णत्वाचा दाखला किंवा एखादे शपथपत्र राहिलेले असते. निविदापूर्व बैठकीत शंका लेखी विचाराव्यात, कारण त्यानंतर निघणाऱ्या शुद्धिपत्रकाने अनेकदा अटीच बदलतात. (शेवटच्या तासात कागद अपलोड करण्याचे धाडस मी एकदाच केले.)

उत्तर (कराड): उद्यम नोंदणी (केंद्राची लघुउद्योगांसाठीची नोंदणी) असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकांना केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार बयाणा रकमेतून (निविदेसोबत भरायच्या अनामत रकमेतून) सूट मिळते. शिवाय सर्वांत कमी दर या गटाबाहेरील उद्योगाचा असेल आणि आपला दर त्याहून १५ टक्क्यांपर्यंतच जास्त असेल, तर त्याच दराला तयार होऊन मागणीचा काही हिस्सा मिळवता येतो. व्यापाऱ्यांना मात्र हा लाभ नाही. हे धोरण केंद्राच्या खरेदीचे असल्याने राज्याच्या निविदेत तिच्याच अटी पाहाव्यात.

प्रश्नकर्ता: शुद्धिपत्रक आम्ही पाहिलेच नव्हते, त्यात हमी कालावधीचे शपथपत्र मागितले होते.