विषय: हॉस्पिटलची ग्रँट आणि सोलापूरची मुलं

प्रेषक: मंडळ सचिव

काकू आणि मंडळी, नमस्कार.

इथे अमेरिकेत आपल्या शहरातल्या मुलांच्या हॉस्पिटलने यंदाच्या कम्युनिटी ग्रँटसाठी अर्ज मागवलेत. गेल्या रविवारी कार्यकारिणीत ठरलं की सोलापूरच्या विडी कामगारांच्या मुलांसाठी मोठं आरोग्य शिबिर घ्यायचं आणि त्यासाठी हा अर्ज करायचा. १००० मुलांची तपासणी, टॉनिक, जंताच्या गोळ्या असं प्रपोजल लिहून सोबत जोडलंय. काकू, इथे असताना तुम्ही अशाच अर्जांच्या छाननीचं काम करत होतात आणि आता सोलापुरातच राहता, म्हणून आधी तुम्ही वाचावं असं सगळ्यांना वाटतं. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे.

— सचिव


प्रेषक: काकू, सात रस्ता, सोलापूर

अगं, प्रपोजल दोनदा वाचलं. किती आपुलकीनं लिहिलंय ते ओळीओळीत दिसतं. तरीही हा अर्ज पाठवू नका.

कारण सांगते. तिथली बरीच मोठी हॉस्पिटलं ना-नफा आहेत. त्यांना करमाफी मिळते, आणि त्या बदल्यात आपल्या परिसरातल्या लोकांसाठी काय केलं याचा हिशेब दरवर्षी तिथल्या आयकर खात्याला द्यावा लागतो. फॉर्म ९९० ला जोडलेलं शेड्यूल एच असतं, ते त्यासाठीच. शिवाय २०१० च्या अफोर्डेबल केअर ॲक्टमुळे दर ३ वर्षांनी आसपासच्या वस्तीच्या आरोग्याच्या गरजा काय आहेत याची पाहणी करून अहवाल जाहीर करावा लागतो. ग्रँटचा पैसा बहुतेक वेळा त्या अहवालातल्या गरजांच्या मागे जातो. सोलापूर त्या अहवालात कुठून येणार?

मंडळाच्या वतीनं मीच एकदा अशी चूक केली आहे. अंगणवाड्यांना वजनकाटे घेऊन द्यायचे म्हणून तिथल्या एका हॉस्पिटलकडे २२ पानी अर्ज केला होता. रात्री जागून लिहिलेला. उत्तर एका ओळीचं आलं, ‘आमच्या सेवाक्षेत्राबाहेर’. फार लागलं होतं मनाला. पुढे छाननीच्या कामात गेले तेव्हा कळलं की सगळ्यात आधी झिप कोड, म्हणजे तिथला पिन कोड, बघतात.

तेव्हा त्या हॉस्पिटलकडे तिथल्या मुलांसाठी मागा. आणि आपल्यालाच नीट करता येईल असं एक काम तिथे आहे. आपल्याकडे बाळ झालं की आजी तिकडे येते आणि पहिल्या आठवड्यात बाळाच्या डोळ्यात काजळ जातं. बॅगेत गावची हळद असते. सगळ्याच काजळात आणि हळदीत असतं असं नाही, पण विकतच्या काजळात, सुरम्यात आणि रंग खुलवायला भेसळ केलेल्या हळदीत शिसं सापडलेलं आहे. तिथल्या आरोग्य खात्यांनी तसे इशारेही दिलेत. पोटात गेलेल्या शिशाचा परिणाम मुलाच्या मेंदूवर होतो आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. २०२१ पासून तिथे मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅम शिसं आढळलं की पुढची पावलं उचलतात. डॉक्टर इंग्रजीतून विचारतात, ‘घरात शिशाचा जुना रंग आहे का?’ आई ‘नाही’ म्हणते, आणि काजळाचा विषय निघतच नाही. आजीला न दुखावता, मराठीतून हे विचारायला हॉस्पिटलकडे माणूस नाही. मंडळाकडे चाळीस आहेत.

आधी हॉस्पिटलच्या संकेतस्थळावरून तो गरजांचा अहवाल उतरवून घ्या. त्यात शिसं, लहान मुलांची तपासणी किंवा भाषेची अडचण यांतलं काही असेल तर त्यांचेच शब्द अर्जात वापरा. नसेल तर हा अर्जही करू नका, दुसरं काम शोधा.

— काकू


प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

वहिनी, नमस्कार. तुमचा अधिकार मोठा आहे, पण मला हे पटलं नाही. माझी आई साखर पेठेत विड्या वळून आम्हा तिघांना शिकवत होती. मंडळात मी वर्गणी भरतो ती तिकडच्या मुलांसाठी. इथल्या मुलांना विमा आहे, डॉक्टर आहेत. डॉ. कोटणीसांच्या गावची माणसं आपण, आणि गावालाच विसरायचं?


प्रेषक: काकू

भाऊजी, तुमच्या आई कशा होत्या ते मला ठाऊक आहे, म्हणून तुमचा राग समजतो. गावाला विसरायचं नाहीच. पण कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले ते तिथल्याच जखमींसाठी. ज्या गावाचा पैसा, त्या गावाची मुलं, एवढंच मी हॉस्पिटलबद्दल म्हणते. सोलापूरसाठी पैसा वेगळ्या वाटेनं यायला हवा. पण आधी इथे काय कमी आहे ते ऐका.

परवा अंगणवाडी सेविकेबरोबर कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, गेले होते. एका घरात बाई दारातल्या उजेडात सूप मांडीवर घेऊन बसली होती. सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याची रीळ. शेजारी गोधडीवर १४ महिन्यांचं पोर. सेविकेनं त्याच्या डाव्या दंडाला पट्टी गुंडाळली, चौकटीतला आकडा मला दाखवला. ११.२. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तांबडा पट्टा, तीव्र कुपोषण. अंगात कणकण होती, दोन दिवस काही खातही नव्हतं. सेविका तेलुगूतून बोलत होती, मला थोडंच कळलं, पण ‘सिव्हिल’ हा शब्द चार वेळा आला. बाई विडीचं तोंड दाबत राहिली. हात एकदाही थांबला नाही. शेवटी मराठीत मला म्हणाली, “हजार पुरे झाले नाहीत तर उद्या पान मिळत नाही ओ. आणि ठेवून घेतलं तर मोठ्या दोघींचं कोण बघणार?”

त्या मुलाची तपासणी झालेली आहे, भाऊजी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्यात अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा आणि शाळेतली एकदा तपासायची असतात. जंताची गोळीही सरकार देतं. आपण १००० मुलं पुन्हा तपासली तर कागदावर १००० आकडे वाढतील आणि ते पोर गोधडीवरच राहील. तुटतंय ते तपासणी आणि उपचार यांच्या मधे. कुंभारीहून सिव्हिलला जायचं भाडं, बुडालेली मजुरी, भरती केलं तर दोन आठवडे घरच्या पोरांकडे बघणारं माणूस. पुन्हा पुन्हा दाखवायला जायची वेळ आली की आई गळते ती इथे. सरकारी योजनेत बुडीत मजुरीची तरतूद आहे, पण ती हातात पडेपर्यंत आजचा हप्ता थांबत नाही. आपला पैसा त्याच दिवशी रोख लागतो. सोलापूरसाठी मागायचं तर हे मागा.

— काकू


प्रेषक: मंडळ सचिव

काकू, वाचून गप्प बसले. मग मंडळाच्या खात्यातूनच तिथल्या एखाद्या संस्थेला पाठवू का? लगेच करता येईल.


प्रेषक: काकू

लगेच नको. परदेशी निधीचा कायदा, एफसीआरए, कडक आहे. मंडळ तिथे नोंदलेलं, म्हणून त्याचा पैसा इथे परदेशी धरतात. तो घेणाऱ्या संस्थेकडे केंद्राची नोंदणी हवी आणि पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच यायला हवा. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती संस्था तो पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, आणि कार्यालयीन खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. मोठ्या संस्थेकडे पाठवू, ती घरकुलातल्या छोट्या संस्थेला देईल, ही जुनी पद्धत आता बंद. ज्यांनी तिथलं नागरिकत्व घेतलंय त्यांचाही पैसा परदेशीच, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, ते स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत थेट इथल्या संस्थेला देऊ शकतात, तो परदेशी निधी होत नाही. यादी करून बघ, मंडळात असे बरेच निघतील. पण पैसा मंडळात गोळा करू नका, ज्यानं त्यानं आपापल्या खात्यातून पाठवायचा.

हॉस्पिटलकडून काही मिळवायचंच असेल तर इथेही वाट आहे. आपल्या राज्यात धर्मादाय रुग्णालयांना एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला ठेवावी लागते. १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. ही ग्रँट नव्हे, हक्क आहे. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन कुणीतरी आईबरोबर खिडकीशी उभं राहावं लागतं. ते मी करेन. माझ्यासारख्या दोघी निवृत्त बायका तयारही आहेत.

आता तुझा काजळाचा अर्ज. चार पानांच्या वर नेऊ नको. किती लोक आले ते मोजायचं वचन देऊ नको, किती बाळांच्या रक्ताची तपासणी झाली आणि जास्त निघालेल्यांपैकी किती जणांची पुन्हा झाली ते दे. बजेटमध्ये दुभाषांचं मानधन लिही. फुकट करू असं लिहिलंस तर छाननीवाल्यांना वाटतं, सहा महिन्यांत बंद पडेल. एखाद्या बालरोगतज्ज्ञाचं पाठिंब्याचं पत्र जोड. मंडळाचा ५०१-सी-३, म्हणजे करमाफ धर्मादाय संस्थेचा, दर्जा चालू आहे ना ते खजिनदारांना आजच विचार. नसेल तर ज्याच्याकडे आहे अशी संस्था फिस्कल स्पॉन्सर, म्हणजे आपल्या वतीनं ग्रँट स्वीकारणारी संस्था, म्हणून आत्ताच गाठ.


प्रेषक: ज्येष्ठ सभासद

वहिनी, माझा पासपोर्ट भारतीयच आहे. त्या घरकुलातल्या संस्थेचा खाते क्रमांक मला वेगळा कळवा, यादीवर नको. आणि ते १४ महिन्यांचं पोर, त्याचं काय झालं?


प्रेषक: काकू

भाऊजी, काल शेअर रिक्षानं सिव्हिलला नेलं. मी मोठ्या दोघींना घेऊन त्यांच्याच घरी थांबले. भरती करून घेतलंय. आई तिथे आहे, सूप घरी आहे. धाकटीला भाकरी आणि शेंगाची चटणी भरवली, मोठी शाळेतून येते तीनला. खाते क्रमांक रात्री घरी गेल्यावर पाठवते.